पाय आपले, चाल दिंडीची

आमच्या बाजूला कार्तिकीला पायी जायचं म्हटलं की घरात पहिलं भांडण भाताच्या कापणीवरून होतंय. सुगी तोंडावर आलेली, माणसं मिळत नाहीत, मिळाली तर मजुरी परवडत नाही, आणि घरातलं एक धडधाकट माणूस पताका घेऊन रस्त्याला लागणार, मग कोणीतरी बोलणारच की. म्हणून बेळगावच्या आसपासची बरीच गावं माघीला जातात, तोवर भात घरात आलेलं असतं आणि थंडीही चालायला बरी. आमची दिंडी मात्र कार्तिकीचीच. का, असं विचारलं तर आत्यापासून विणेकऱ्यापर्यंत सगळ्यांचं एकच उत्तर, आधीपासून असंच आहे. बस्स, विषय संपला.

आत्या बरीच वर्षं जाते. गेल्या कार्तिकीला तिचा गुडघा दुखायला लागला आणि घरच्यांनी अट घातली की सोबत कोणीतरी पाहिजे, मग मी रजा टाकली. मी पीयू कॉलेजात, म्हणजे अकरावी-बारावीला, मानसशास्त्र शिकवते, आणि चार लोकांत गेल्यावर माणसाचं वागणं, बोलणं, मत कसं बदलतं हा धडा दरवर्षी घेते. मुलं प्रयोगांची नावं आणि सालं पाठ करतात, पेपरात लिहितात आणि विसरतात. वर्गात कायम एक वाक्य येतंच, मॅडम, दुसऱ्यांचं होईल तसं, आमचं नाही होणार. खरं सांगायचं तर माझंही थोडं तसंच होतं, मी निघाले ती आत्याची पिशवी उचलायला, भक्ती वगैरे माझ्या डोक्यात नव्हती.

रस्ता असा. काकती, होनगा, वंटमुरीचा घाट, हत्तरगी, संकेश्वर, मग हायवे सोडून चिकोडी, पुढं अंकली-मांजरीचा कृष्णेवरचा पूल, कागवाड, आणि तिथनं म्हैसाळ-मिरज म्हणजे महाराष्ट्र. पुढं कवठेमहांकाळ, सांगोला, पंढरपूर. 250 किलोमीटरच्या वरच भरतं सगळं. पुढं पताकावाले, मग टाळकरी, मधे मृदंग, विणेकरी, आणि मागं आम्ही बायका, कोणाच्या डोक्यावर तुळस, कोणाच्या कळशी. सामानाचा ट्रक पुढच्या मुक्कामाला गेलेला असतो, भांडी, ताडपत्री, गॅस, तांदळाची पोती सगळं त्यात.

पहिल्याच दिवशी काकतीच्या पुढं चहाला थांबलो तर जो तो ज्याच्या त्याच्या पायाला हात लावायला लागला. नातवाच्या वयाचं पोरगं आजीच्या पाया पडतंय आणि आजी उलट त्याच्या. मी मनात ठरवूनच आले होते, नमस्कार करीन, पण पायाबिया पडायचं नाही, मला ते जमत नाही. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी टोमणाही मारला नाही. फक्त समोरचं माणूस वाकलं की तुमचा हात आपोआप खाली जातो, कारण ताठ उभं राहणं हीच एक वेगळी कृती होऊन बसते, सगळ्यांना दिसते. संध्याकाळपर्यंत मी ट्रकच्या ड्रायव्हरच्या पाया पडले होते आणि तो माझ्या. त्यात आणखी गंमत म्हणजे तोपर्यंत मला त्याचं काही वाटेनासंही झालं होतं. आधी वागणं बदललं आणि मत मागनं आलं, रमतगमत. आम्ही वर्गात उलटं समजून चालतो की आधी पटतं आणि मग माणूस वागतो.

दुसरी गोष्ट अंतराची. दिंडी पहाटे चारला निघते, काळोख असतो, आणि हायवेवर दूर कुठंतरी मोबाईल टॉवरचा लाल दिवा दिसतो. तो दिवा काळोखात बघत चाललं की हलतोय असं वाटतं, खरंच वाटतं, डावीकडं सरकतो, वर जातो. मुझफर शेरीफ नावाचे मूळचे तुर्कस्तानातले मानसशास्त्रज्ञ होते, त्यांनी 1935 साली नेमका हाच प्रकार प्रयोगाला घेतला होता. अंधाऱ्या खोलीत एक स्थिर प्रकाशाचा ठिपका, आणि तो किती इंच हलला सांगायचं. हललेला नसतोच तो, डोळ्यांचा खेळ. एकेकट्याला विचारलं तेव्हा प्रत्येकाचा आकडा वेगळा. चारचौघांत बसवून मोठ्यानं सांगायला लावलं की आकडे जवळजवळ येत गेले आणि गटाचा म्हणून एक अंदाज तयार झाला. पुढं त्याच माणसांना परत एकटं बसवलं तरी ती गटाचाच आकडा धरून राहिली. आमच्यात पण कोणीतरी म्हणालं, तो दिवा म्हणजे हत्तरगी, तीन किलोमीटर. दुसरा म्हणाला पाच. आत्या म्हणाली दोन बी नाही. दहा मिनिटांत सगळ्या बायकांचं मिळून तीनवर ठरलं, ठराव न करता ठरलं. मी मोबाईलात मॅप काढून बघितला, साडेसहा दाखवत होता. सांगितलं तर शेजारची मावशी म्हणाली, "तुझं ते मशीन गाडीरस्त्यानं मोजतंय गं, आम्ही चालत जायलोय न्हवं." आणि खरं सांगते, मलाही चालताना तीनच वाटत होतं, पाय तीनच्या हिशोबानं पडत होते. साडेसहा म्हटलं असतं तर मी तिथंच बसले असते.

वंटमुरीच्या घाटात तर सत्तरीच्या बायका टाळावर पाय टाकत माझ्या पुढं गेल्या. एकटी असते तर त्या चढाला मी दोनदा तरी थांबले असते, पण मागं रांग आहे, पुढं रांग आहे, मृदंग थांबत नाही, मग थांबायचं कुठं.

आवाजाचं सांगते. नोव्हेंबरात आमच्याकडं साखर कारखाने सुरू झालेले असतात आणि संकेश्वर-चिकोडी रस्त्यावर रात्रंदिवस उसाचे ट्रॅक्टर, एकाला दोन-दोन ट्रॉल्या, आणि वर हे एवढाले स्पीकर लावून गाणी. झोप लागत नाही, शिव्या घालत पडायचं. आणि आमचं भजन? शाळेच्या व्हरांड्यात रात्री अकरापर्यंत, पन्नास टाळ आणि पत्र्याचं छप्पर, मीटर लावून मोजलं तर ट्रॅक्टर हरेल. पण त्यात मी दोन रात्री चक्क गाढ झोपले, भिंतीला डोकं टेकून. अलाहाबादच्या, म्हणजे आताच्या प्रयागराजच्या, माघ मेळ्यात भारतातल्या आणि ब्रिटनमधल्या मानसशास्त्रज्ञांनी मिळून काही वर्षं अभ्यास केला होता, त्यात हाच मुद्दा आला होता. एकच गोंगाट लोकांना ऐकवायचा, काहींना सांगायचं हा मेळ्यातला आवाज आहे, काहींना सांगायचं शहरातल्या रस्त्यावरचा. मेळ्यातला म्हटल्यावर तोच गोंगाट यात्रेकरूंना बरा वाटला, जास्त वेळ ऐकवला. त्याच अभ्यासातला दुसरा निष्कर्ष 2012 साली छापून आला. थंडीत, तंबूत, नदीकाठी महिनाभर राहून आलेल्या कल्पवासी लोकांना आपली तब्येत सुधारली असं वाटत होतं, घरी राहिलेल्या शेजाऱ्यांना तसं काही वाटत नव्हतं. हे वाचून मी आधी नाक मुरडलं होतं, कारण थंड पाणी, घाण, गर्दी यानं तब्येत कशी सुधारेल. पण त्यांचं म्हणणं गर्दीनं नाही, आपल्या माणसांच्या गर्दीनं. बाजूला झोपलेलं माणूस आपलं वाटलं की अंग टाकता येतं. आत्याचा गुडघा घरी जिना चढताना दुखायचा, वारीत त्याचं नावही तिनं काढलं नाही, आणि मी विचारलं तर म्हणाली, "सगळ्यांचं दुखतंय, मी एकटीच काय सांगू."

हे दोन्ही अर्थांनी घ्या. कारण त्याच कारणानं एका काकूंच्या पायाला फोड येऊन चिघळला तरी त्या बोलल्या नाहीत. सगळे चाललेत म्हणून चालत राहिल्या. चिकोडीत डॉक्टरांनी बघितल्यावर कळलं काय झालंय ते, आणि मग त्यांना ट्रकात बसवलं.

आता सीमेचं. आम्ही निघालो तेव्हा 1 नोव्हेंबर होऊन चार-पाच दिवस झाले असतील. बाहेरच्यांना सांगते, 1956 साली याच तारखेला भाषावार प्रांतरचना झाली आणि बेळगाव म्हैसूर राज्यात गेलं, तेव्हापासून त्या दिवशी बेळगावात दोन गोष्टी एकदम असतात. मराठी माणसांचा काळा दिवस आणि चन्नम्मा चौकात राज्योत्सवाची मिरवणूक, लाल-पिवळे झेंडे, रात्रभर. 2004 पासून महाराष्ट्राचा दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमच्या दिंडीत एक तात्या आहेत, गावात त्यांच्याएवढं या विषयावर तावातावानं बोलणारं दुसरं कोणी नाही. कन्नड बोर्ड दिसला की त्यांचा बीपी वाढतो. दुकानात कोणी कन्नडात बोललं तर मुद्दाम मराठीत उत्तर देणार, येत असलं तरी.

संकेश्वरच्या अलीकडं एका वाडीत दुपारच्या जेवणाला एका कन्नड घरानं बोलावलं होतं. दरवर्षी बोलावतात म्हणे, त्यांच्या अज्जीचा नवस आहे. अंगणात पंगत बसली, जोंधळ्याची भाकरी, शेंगाचटणी, सांबार-भात आणि शिरा. घरातल्या सुना वाढायला, "ऊटा माड्री, ऊटा माड्री" करत, पान रिकामं दिसलं की परत वाढायच्या. मी तात्यांकडं बघत होते, म्हटलं आता बघू. पंगतीत पहिल्यांदा तेच बोलले, दोन्ही हात पानावर आडवे धरून, "साकु री अक्का, साकु!" आणि असं स्वच्छ कन्नड, की ती सून हसायलाच लागली. मग काय, तात्या बोलले म्हटल्यावर पंगतीतल्या सगळ्यांना कन्नड यायला लागलं. ज्याला जेवढं येत होतं तेवढं, मोडकंतोडकं, "चटणी भारी आदा", असं काहीही. निघताना तात्या त्या अज्जीच्या पाया पडले.

1930 च्या सुमाराची अमेरिकेतली एक गोष्ट आहे. रिचर्ड लापिएर नावाचे एक प्राध्यापक एका तरुण चिनी जोडप्याला घेऊन देशभर फिरले. त्या काळात तिथं चिनी लोकांबद्दल भयंकर द्वेष होता. 251 हॉटेलं आणि खानावळी झाल्या, त्यातल्या फक्त एका ठिकाणी नाही म्हणाले. नंतर त्याच सगळ्या ठिकाणी पत्र पाठवून विचारलं, चिनी माणसाला घ्याल का, तर ज्यांनी उत्तर दिलं त्यातल्या 90 टक्क्यांहून जास्त लोकांनी लिहिलं, नाही. 1934 साली त्यांनी हे छापलं. कागदावर विचारलं तेव्हा माणूस आपल्या समाजाच्या वतीनं बोलतो, आणि दारात हसणारं जोडपं बॅग घेऊन उभं असलं की त्याच्यापुरता समाज तेवढाच असतो, ती दोन माणसं आणि तो. मला वाटतं तात्या गावात खोटं बोलत नाहीत आणि त्या अंगणातही खोटं वागले नाहीत. लोक याला दुटप्पी म्हणतील. मला नाही वाटत तसं. गावच्या कट्ट्यावर ज्यांच्यात बसतात त्यांचे ते तात्या आणि पंगतीत बसले की दिंडीचे वारकरी, आणि वारकऱ्यानं घरच्या अक्काला काय म्हणायचं हे कधीचं ठरलेलं आहे. पुरंदरदासांनी कन्नडात विठ्ठल गायला त्याला कितीतरी शतकं झाली, हे तात्यांना माहीत आहे, तेच आम्हाला सांगत होते पुढच्या टप्प्यात.

चिकोडीच्या मुक्कामाला जे झालं ते मला सगळ्यात लक्षात राहिलंय. दिंडीत एक कॉलेजची पोरगी होती, आईबरोबर आलेली. पहाटे तिची पाळी आली. आई हळूच म्हणाली, आजपासून ट्रकात बस, तुळशीला हात लावू नको, आणि मुक्कामाला देवळात येऊ नको. पोरगी गप्प. आजूबाजूच्या बायका, "होय बाई, ट्रकातच बस, आराम पण होईल", असं सगळ्याच. मी त्या बायकांबरोबर इतके दिवस चालले होते, एकेकटीशी बोलले होते, त्यातल्या दोघी-तिघींनी मला आदल्या दिवशीच सांगितलं होतं की हे असलं काही आम्ही मानत नाही. पण घोळक्यात त्यांच्या पण तोंडातून तेच निघालं. प्रत्येकीला वाटत होतं की बाकीच्या मानतात. मी तोंड उघडणार होते, तेवढ्यात सत्तरीच्या पुढची एक आजी, गळ्यात माळ, पिशवीची गाठ बांधता बांधता, वर पण न बघता म्हणाली, "आमच्या वक्ताला टरक कुठं होता गं? मी सगळ्या वाऱ्या चाललो की, तसल्या दिवसांत बी. पांडुरंगानं कधी इचारलं न्हाई." (आमच्याकडच्या जुन्या बायका मी चाललो, मी आलो असंच बोलतात.)

पाच सेकंद शांत. मग एक म्हणाली, मी बी चालले होते एकदा, कोणाला सांगितलं नाही. मग दुसरी. मग ती दोघी-तिघींतली एक. पोरगी चालली. आईनं तुळस काही दिली नाही तिच्या डोक्यावर, आणि मुक्कामाला देवळाच्या पायरीपर्यंतच गेली ती, म्हणजे अगदी सगळं पालटलं असं नाही, पण ट्रकात नाही बसली.

सॉलोमन ॲशचा 1951 चा रेघांचा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते. तीन रेघा, त्यातली कुठली दिलेल्या रेघेएवढी आहे ते सांगायचं, लहान पोर पण सांगेल. पण खोलीतली बाकीची माणसं आधीच फितवलेली, ती सगळी बिनधास्त चुकीचं सांगतात. खऱ्या माणसांपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश लोक एकदा तरी त्या चुकीच्या उत्तराला गेले, आणि एकूण उत्तरं बघितली तर एक तृतीयांशाच्या आसपास चुकली. मुलांना हे आवडतं, हसतात. पण माझ्या मते त्या प्रयोगातली खरी गोष्ट पुढची आहे, जी मुलं लिहायला विसरतात. घोळक्यातल्या एकाच माणसानं खरं उत्तर दिलं की हे चुकायचं प्रमाण एकदम कोसळतं, एक तृतीयांशावरनं पार पाच-दहा टक्क्यांवर येतं. बहुमत तेवढंच राहतं, फक्त एकटेपणा जातो.

पण मला त्या दिवशी आणखी एक कळलं. ती आजी बोलली म्हणून चाललं. मी बोलले असते तर बायका म्हणाल्या असत्या, मॅडम शिकलेल्या आहेत, त्यांचं वेगळं. एडविन हॉलंडर यांनी 1958 साली हे मांडलं होतं. माणूस वर्षानुवर्षं गटाचे नियम पाळतो, गटाच्या उपयोगी पडतो, तेव्हा त्याच्या नावावर पत जमा होत जाते, आणि एखाद्या दिवशी त्याला नियम मोडायचा असला की ती पत खर्च करता येते. नव्या माणसाच्या खात्यावर काहीच नसतं. आजीच्या खात्यावर एवढ्या वाऱ्या, एवढ्या एकादश्या, भाकरीच्या एवढ्या चळती. तिनं त्यातलं थोडं त्या पोरीसाठी खर्च केलं. माझ्यासारख्या शहाण्या लोकांना हे फार जड जातं मान्य करायला, आम्हाला वाटतं मुद्दा बरोबर असला की पुरे.

इथंच एक बाजूला सांगून टाकते, कारण वारी म्हणजे सगळे समान असं फार गोड करून लिहिलं जातं. पंगत एक असते हे खरं. पण तंबूत कोणाच्या शेजारी कोणाची ताडपत्री पडते, पिठाला हात कोणी लावायचा, हे बघायला डोळे उघडे ठेवावे लागतात. जात पाऊल वाजवत नाही एवढंच. पंढरपूरचं देऊळ सुद्धा सगळ्यांना 1947 साली उघडलं, साने गुरुजींनी मे महिन्यात उपोषण केलं तेव्हा, आणि त्याच्या आधी त्यांना महाराष्ट्रभर दौरा करून गावागावातली माणसं वळवावी लागली होती. तेव्हाचे वारकरी पण पाया पडायचेच की एकमेकांच्या.

कृष्णेच्या अलीकडं रस्त्याकडेला एक म्हातारा बसलेला. कुठल्यातरी दुसऱ्या दिंडीतला, एकटा, पाय पसरून, मान खाली. आमच्या पुढं दोन दिंड्या तिथनंच गेल्या होत्या, टाळ वाजवत, रामकृष्णहरी म्हणत. कोणी वाईट नव्हतं त्यातलं. प्रत्येकाला वाटलं असणार की विसावा घेतोय, आणि काही असतं तर पुढचे थांबलेच असते. शिवाय ऊन चढायच्या आत मुक्काम गाठायचा. प्रिन्स्टनला डार्ली आणि बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मशास्त्र शिकणाऱ्या पोरांवर केलेला एक प्रयोग 1973 साली छापून आला होता. त्यातल्या काहींना भाषणच द्यायचं होतं ते बायबलमधल्या गोष्टीवर, वाटेत पडलेल्या जखमी माणसाला मदत करणाऱ्याच्या. वाटेत एक माणूस कण्हत बसवून ठेवला. ज्यांना उशीर झालाय म्हणून सांगितलं होतं त्यातले 10 टक्के थांबले, ज्यांना भरपूर वेळ होता त्यातले 63 टक्के. भाषण कशावर होतं त्यानं फारसा फरक पडला नाही, घाईनं पडला.

आमच्या दिंडीत एक चांगली पद्धत आहे. सगळ्यात शेवटी दोन पोरं चालतात, अंगात रेडियमचं जॅकेट, त्यांचं काम एवढंच, मागं राहिलेल्याला बघायचं. त्यांना तिसऱ्या कोणावर ढकलता येत नाही, ते शेवटचेच. त्यातला एक थांबला, म्हाताऱ्याला पाणी पाजलं, आणि तो थांबलाय म्हटल्यावर आमच्यातल्या दहाजणी थांबल्या, साखर काढली, लिंबू काढलं, पदरानं वारा घातला, एवढी गर्दी की शेवटी पोराला ओरडावं लागलं, हवा येऊ द्या हो. साखर कमी झाली होती म्हाताऱ्याची. त्यांच्या दिंडीतल्यांना फोन लावला तर ते खरोखर रडायच्या घाईला आले, तिथं कोणाच्या लक्षातच नव्हतं.

मांजरीच्या पुढं मुक्कामाला अवकाळी पाऊस आला आणि आमचा ट्रक काळ्या रानात रुतला. शेजारी अथणीकडची एक कन्नड दिंडी उतरली होती. दोन दिवस आम्ही एकमेकांच्या आगंमागं चाललो होतो पण बोलणं नव्हतं, उलट नळावर थोडी बाचाबाचीच झाली होती पाण्याच्या नंबरावरून. त्यांची पोरं आली, आमची होती, चाकाखाली उसाचं पाचट घातलं, दोर लावला, तासभर झटापट. ट्रक निघाला. आता तुम्हाला वाटेल की मग सगळे गळ्यात गळे घालून नाचले. नाही. चहा झाला, रामकृष्णहरी झालं, आणि ते तिकडं, आम्ही इकडं. शेरीफ यांनीच 1954 साली ओक्लाहोमात पोरांच्या शिबिरात दोन गट भांडत लावून मग त्यांना एकत्र कामं दिली होती, त्यात बंद पडलेला ट्रक दोरानं ओढायचं पण काम होतं, आणि त्यांचंही हेच निघालं की एका कामानं भागत नाही, परत परत अशी कामं पडत गेली की मगच सुटतं. आमचं सुटलं ते पुढं मिरजेनंतर, कारण त्यांचा आचारी आजारी पडला आणि आमच्याकडं भांडी जास्त होती, मग दोन्ही दिंड्यांचा स्वयंपाक एकत्र व्हायला लागला. तेव्हा फोन नंबर घेतले, आणि कोणीतरी व्हॉट्सॲप ग्रुपच केला एक, मुक्काम कळवायला.

कागवाड ओलांडून महाराष्ट्रात आल्यावर काही जणांनी मोठ्यानं जयघोष केला आणि तात्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. बोर्ड सगळे मराठीत. पुढचा रस्ता सांगण्यासारखा फार नाही, कवठेमहांकाळ ते सांगोला नुसता सरळ रस्ता आणि ऊन, आणि बाभळी. पाय आता आपले आपण चालतात, डोकं काही विचारत नाही. गुस्ताव ल बाँ नावाच्या फ्रेंच माणसानं 1895 साली लिहिलं होतं की गर्दीत माणसाचं डोकं जातं, तो आदिमानव होतो. सव्वाशे वर्षं पोलीस आणि पुढारी तेच धरून बसलेत. गर्दीचा अभ्यास करणारे आताचे लोक तसं म्हणत नाहीत. त्यांचं म्हणणं, गर्दीत माणूस स्वतःला हरवत नाही, मी या जागी आम्ही येतं, आणि त्या आम्हीचे जे नियम असतील तसा तो वागतो. आमचा आम्ही पाया पडणारा होता म्हणून पाया पडलो. दगड मारणारा असता तर? बेळगावात आम्ही तेही बघितलंय, महाराष्ट्राच्या एसटीच्या आणि कर्नाटकच्या बसच्या काचा फुटताना, दोन्हीकडून, आणि त्यात पंगतीला वाढणाऱ्यांच्या घरातली पोरं नसतीलच असं मी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही.

पंढरपुरात पदस्पर्शाची रांग बघितली आणि आमच्या निम्म्या दिंडीनं ठरवलं कळसाचं दर्शन घेऊन फिरायचं. ठरवलं म्हणजे काय, आजी म्हणाली मी कळस बघितला, मला पावलं, आणि तिच्या मागनं सगळ्यांनाच पावलं. आत्या मात्र उभी राहिली रांगेत, तिला कोणी सांगून उपयोग नसतो, आणि तिच्यासोबत मी.

घरी आल्यावर महिनाभर मी शेजाऱ्यांना फोनवर रामकृष्णहरी म्हणायचे, मग हळूहळू हॅलोवर आले. वर्गात तो धडा परत आला तेव्हा एक मुलगी म्हणाली, मॅडम आमचं नाही होणार तसं, मी म्हटलं बरं.

व्हॉट्सॲप ग्रुप अजून चालू आहे. अथणीवाले कन्नडात टाकतात, आमचे मराठीत, आणि फोटो दोघांचे तेच. मधे सीमाप्रश्नावर कुठल्यातरी मंत्र्याचं काहीतरी वक्तव्य आलं आणि बेळगाव दोन दिवस तापलं होतं. तात्यांनी गावच्या ग्रुपवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत इतकं टाकलं की मला तो ग्रुप म्यूट करावा लागला. दिंडीच्या ग्रुपवर त्या दोन दिवसांत त्यांचा एकच मेसेज होता, पुढच्या वर्षी गॅस शेगडी तुमची का आमची ते आत्ताच ठरवूया, मागनं घोळ नको. खाली अथणीच्या आचाऱ्यानं अंगठा दिला होता.